ग्लूटामेट देऊनही फॉस्फो-ईआरके वाढत नाही, कॅमके-टू उलट कमी दिसतं: अडचण रिसेप्टरपाशी की पुढे?

फतेगंज_पीएचडी

नमस्कार मंडळी. कॉर्टेक्सच्या न्यूरॉन कल्चरवर ग्लूटामेट (मेंदूतला उत्तेजक संदेशवाहक) देऊन पेशीतली किनेजेस (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एन्झाइम), म्हणजे ईआरके आणि कॅमके-टू, जागी होताना वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखणं) बघायची आहेत. चित्र पुस्तकासारखं येत नाही.

मांडणी: रॅटच्या १८ दिवसांच्या गर्भाचा कॉर्टेक्स, पॉली-डी-लायसिन लावलेल्या १२ वेलच्या प्लेटी, न्यूरोबेसल आणि बी-२७. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रयोग. ग्लूटामेट १०० मायक्रोमोलर, वेलमधल्या मीडियममध्येच थेट, ३० मिनिटं. मग थंड पीबीएसने धुणं, बर्फावर रिपा बफर (पेशी फोडणारं डिटर्जंटचं द्रावण), सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव घेणं, १० टक्के जेल, दुधात ब्लॉकिंग.

दिसतं ते असं. फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट बसलेलं, म्हणजे जागं ईआरके) कंट्रोलमध्येच भरपूर, ग्लूटामेटने वाढ नाही, कधी तर थोडी घट. कॅमके-टूचं थ्रिओनिन २८६ वरचं फॉस्फोरिलेशन ग्लूटामेटच्या लेनमध्ये कमी, आणि एकूण कॅमके-टूसुद्धा कमी. कॅमके-टूचा ब्लॉकर म्हणून वापरलं जाणारं केएन-९३ दिलं (१० मायक्रोमोलर) की ईआरके खाली येतं. एमपीईपीने (एमग्लूआर५ या ग्लूटामेट रिसेप्टरचा ब्लॉकर) काहीच फरक नाही.

विचारायचं हे की ग्लूटामेटपासून ईआरकेपर्यंतची खरी वाट कोणती, केएन-९३ मुळे ईआरके उतरलं म्हणजे कॅमके-टू ईआरकेच्या वरच्या पायरीवर आहे असं लिहू का, आणि कंट्रोल इतका वर का?

---

कॅल्शियम_काका

आधी वाट सांगतो, बाकीचं त्यातूनच उलगडेल.

ग्लूटामेट बाहेर आलं की तीन प्रकारची दारं उघडतात. एएमपीए रिसेप्टर मिलिसेकंदांत उघडतो आणि तितक्याच वेगाने डिसेन्सिटाइज होतो (ग्लूटामेट असूनही बंद पडतो). त्यातून मुख्यतः सोडियम आत येतं. पिरॅमिडल पेशींतल्या बहुतेक एएमपीए रिसेप्टरमध्ये ग्लूए२ उपघटक असतो आणि तो कॅल्शियमला जवळजवळ येऊ देत नाही. म्हणजे किनेजच्या दृष्टीने एएमपीएचं काम पडद्याचा विद्युतदाब वर आणणं (डीपोलरायझेशन), एवढंच.

एनएमडीए रिसेप्टर दोन अटींवर उघडतो. एक, ग्लूटामेटबरोबर ग्लायसिन किंवा डी-सेरिन हवं. ग्लायसिनचं हे महत्त्व १९८७ साली जॉन्सन आणि आशेर यांनी दाखवलं. दोन, छिद्रात अडकलेलं मॅग्नेशियमचं बूच निघायला हवं, आणि ते डीपोलरायझेशननेच निघतं. हे १९८४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. उघडला की तो भरपूर कॅल्शियम आत घेतो, तेही सिनॅप्सच्या अगदी तोंडाशी. डीपोलरायझेशनमुळे एल-टाइप कॅल्शियम चॅनेलही उघडतात, हा कॅल्शियमचा दुसरा झरा. तो बऱ्याचदा विसरला जातो आणि एपी-५ (एनएमडीए रिसेप्टरचा ब्लॉकर) देऊनही थोडा ईआरके उरला की लोक गोंधळतात.

तिसरं दार मेटाबोट्रॉपिक. गट एक, म्हणजे एमग्लूआर१ आणि ५, जीक्यू प्रथिनामार्फत फॉस्फोलिपेज-सी चालवतात. त्यातून आयपी३ निघतं, ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधलं कॅल्शियम सोडतं. दुसरीकडे डायअसाइलग्लिसरॉल निघतं, आणि ते व सुटलेलं कॅल्शियम मिळून पीकेसी (आणखी एक किनेज) जागी करतात. गट दोन आणि तीन जीआय मार्फत अडेनिलिल सायक्लेज दाबतात, म्हणून तिथे उलट सीएएमपी हा निरोप्या रेणू आणि त्यावर चालणारं किनेज पीकेए खाली जातात. तुमचं ग्लूटामेट या सगळ्यांना एकाच वेळी हाक मारतं. कोणी ओ दिली ते ब्लॉकरशिवाय कळणार नाही.

कॅल्शियम आत आलं की कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, आणि तिथून फाटे फुटतात.

कॅमके-टू बारा उपघटकांचं आहे. शेजारशेजारच्या दोन उपघटकांवर कॅल्मोड्युलिन बसलेलं असेल तरच एक दुसऱ्याच्या थ्रिओनिन २८६ वर फॉस्फेट लावतो (बीटा रूपात तीच जागा २८७). मग कॅल्शियम उतरलं तरी किनेज काही काळ चालूच राहतं. या शेजाराच्या अटीमुळेच त्याला नुसतं कॅल्शियम किती याच्याबरोबर ते किती वेगाने पुन्हापुन्हा येतं हेही कळतं. १९९८ साली डे कोनिंक आणि शुलमन यांनी हे शुद्ध प्रथिनावर दाखवलं. जागं झालेलं कॅमके-टू एनएमडीए रिसेप्टरच्या ग्लूएन२बी उपघटकाच्या शेपटीला जाऊन चिकटतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तुमच्या हरवलेल्या बँडचं कारण बहुधा तीच आहे.

ईआरकेची वाट वेगळी: कॅल्शियम-कॅल्मोड्युलिन, मग रास-जीआरएफ१ (रासला चालू करणारं प्रथिन), रास, रॅफ, एमईके, ईआरके. रास-जीआरएफ१ ला कॅल्मोड्युलिन थेट चिकटतं आणि ते स्वतः ग्लूएन२बीच्या सोबतीला असतं. दुसरीकडून कॅमके-टू सिनगॅपवर फॉस्फेट लावून त्याला सिनॅप्सबाहेर काढतं. सिनगॅप रासला विझवणारं प्रथिन, म्हणून ते बाजूला झालं की रासचा जोर वाढतो. पीकेसीची वाट रासजीआरपी आणि रॅफमधून याच साखळीला येऊन मिळते. कॅल्मोड्युलिनवर चालणारी अडेनिलिल सायक्लेज १ आणि ८ पीकेएला सीएएमपी पुरवतात. एनएमडीए रिसेप्टरमुळे न्यूरॉनमध्ये ईआरके टायरोसिनवर फॉस्फोरिलेट होतं हे बाडिंग आणि ग्रीनबर्ग यांनी १९९१ मध्येच दाखवलंय, त्यामुळे घटना खरी आहे याची शंका नको. तुमच्या ब्लॉटवर ती का दिसत नाही हे शोधायचं.

केएन-९३ बद्दल सावकाश लिहितो, ती वेगळीच भानगड आहे.

---

सुरसागर_काठी

काकांनी वाट सांगितली, मी प्लेटीपाशी थांबते.

ताईचा सल्ला घ्याल तर १०० मायक्रोमोलर ३० मिनिटं हे आधी बंद करा. वाढून परिपक्व झालेल्या कॉर्टेक्स कल्चरवर १०० मायक्रोमोलर ग्लूटामेट नुसतं ५ मिनिटं दिलं तरी दुसऱ्या दिवशी न्यूरॉन मोठ्या संख्येने मेलेले असतात. चॉय यांच्या गटाने १९८७ मध्येच हे मांडलं. म्हणजे तुम्ही सिग्नल मोजत नाही आहात, मरणाची सुरुवात मोजता आहात. आणि ३० मिनिटांना ईआरकेचं शिखर कधीच उलटून गेलेलं असतं. इतका जोरदार कॅल्शियम आला की कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते स्टेप नावाच्या फॉस्फेटेजवरचं फॉस्फेट काढून त्याला चालू करतं आणि स्टेप ईआरकेच्या टायरोसिनवरचं फॉस्फेट उतरवतं. तुमची "थोडी घट" ही अशी असणार. कॅमके-टूचं २८६ पहिल्या मिनिटात, ईआरके ५ ते १० मिनिटांत, क्रेबचं (जनुकं चालू करणारं प्रथिन) सेरिन १३३ साधारण १० ते ३० मिनिटांत. तिन्हीसाठी एकच वेळ धरली तर एक तरी हुकणारच.

शिवाय जास्त ग्लूटामेट सिनॅप्सबाहेरच्या एनएमडीए रिसेप्टरांनाही उघडतं. त्यांच्यामुळे क्रेब विझतं, हे हार्डिंगहॅम, फुकुनागा आणि बाडिंग यांचं २००२ चं काम. म्हणून "ग्लूटामेटने क्रेब वाढतं" हे वाक्य डोस आणि जागा सांगितल्याशिवाय अर्धवट.

आता कंट्रोल वर का? न्यूरॉन कल्चर गप्प बसलेलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात सिनॅप्स जुळलेले असतात आणि ते आपापसात फायर करत राहतात. बी-२७ मध्ये इन्सुलिन आहे, तेही ईआरकेला धक्का देतं. प्लेट इन्क्युबेटरमधून काढून मीडियम काढणं-घालणं यानेही फॉस्फो-ईआरके चढतं. न्यूरोबेसलमध्ये बायकार्बोनेट आहे, प्लेट उघड्यावर ठेवली की काही मिनिटांत पीएच चढू लागतो.

मी असं करायला सांगेन:

प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी टीटीएक्स (सोडियम चॅनेल अडवून पेशींचं फायरिंग थांबवतं) १ मायक्रोमोलर, एपी-५ ५० मायक्रोमोलर, सीएनक्यूएक्स (एएमपीए रिसेप्टरचा ब्लॉकर) २० मायक्रोमोलर. टीटीएक्स जीवघेणं विष आहे, हातमोजे आणि वेगळा टाकाऊ डबा ठेवा. सकाळी एपी-५ आणि सीएनक्यूएक्स धुऊन काढा, टीटीएक्स राहू द्या. एपी-५ नीट धुतलं गेलं नाही तर एनएमडीए दिलंत तरी काही होणार नाही, म्हणून दोन पूर्ण बदल.

बफर हेपीसवर आधारलेलं, मॅग्नेशियम न घातलेलं: सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड २, हेपीस १०, ग्लुकोज १०, आणि ग्लायसिन १० मायक्रोमोलर. सोडियम क्लोराइड किती, तर पुस्तकी १४० मिलिमोलरने ऑस्मोलॅलिटी ३०० च्या आसपास जाते, आणि न्यूरोबेसल त्याहून बरंच पातळ असतं. इतका फरक पेशींवर टाकला तर ताणाने चालणारी किनेजेस, जेएनके आणि पी३८, आणि ईआरकेसुद्धा, कंट्रोलमध्येच उठतात. वापरलेल्या मीडियमची ऑस्मोमीटरवर मोजणी करा आणि मीठ त्याप्रमाणे उतरवा. बऱ्याच वेळा ११० ते ११५ वर जुळतं.

हेपीसचा पीएच तापमानाने हलतो, अंशाला सुमारे ०.०१४ ने खाली. एसीच्या खोलीत २४ अंशाला ७.४ केलं तर ३७ ला ते ७.२ च्या जवळ असतं. एनएमडीए रिसेप्टरला प्रोटॉन दाबतात, पीएच ७ च्या खाली गेलं की प्रवाह चांगलाच घटतो. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत टेबलावरची बाटली ३६ अंशाला असते आणि जानेवारीत, उत्तरायणाच्या सुमाराला, सकाळी १८ ला. म्हणून पीएच बफर ३७ ला गरम करूनच लावा, नाहीतर बडोद्याचा उन्हाळा आणि हिवाळा तुमच्या ब्लॉटमध्ये दिसेल.

आणि ग्लूटामेटऐवजी एनएमडीए (त्याच नावाचा रिसेप्टर उघडणारं रसायन) वापरा, ३० मायक्रोमोलर. कारण साधं आहे: कल्चरमध्ये अॅस्ट्रोसाइट (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) असतात, त्यांचे जीएलटी-१ आणि ग्लास्ट ट्रान्सपोर्टर ग्लूटामेट गिळतात. एका प्लेटीत अॅस्ट्रोसाइट जास्त, दुसरीत कमी, म्हणजे तोच डोस दोन्हीकडे वेगळा. एनएमडीए ते उचलत नाहीत.

---

फतेगंज_पीएचडी

ताई, काका, खूप आभार. दोन शंका.

न्यूरोबेसलमध्ये ग्लायसिन असतंच ना, मग वेगळं का घालायचं? आणि ग्लूटामेट सोडायचंच म्हटलं तरी गाइड म्हणतात एक लेन तरी ग्लूटामेटची हवी. तिचा स्टॉक आम्ही एल-ग्लूटामिक अॅसिड पाण्यात १०० मिलिमोलर करतो, पण पूर्ण विरघळत नाही, ढवळून तसाच वापरतो.

---

सुरसागर_काठी

न्यूरोबेसलमध्ये ग्लायसिन ०.४ मिलिमोलर आहे, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पण त्यात मॅग्नेशियमही ०.८ मिलिमोलर आहे. तुम्ही बफरमध्ये गेलात की मॅग्नेशियमबरोबर ग्लायसिनही मागे राहतं. म्हणून घालावं लागतं.

आणि तो स्टॉक ताबडतोब ओतून द्या. ग्लूटामिक अॅसिडची पाण्यातली विद्राव्यता २५ अंशाला लिटरला साधारण साडेआठ ग्रॅम, म्हणजे ६० मिलिमोलरच्याही खाली. तुमच्या बाटलीत तळाला गाळ आहे आणि वरचं द्रव आम्ल आहे. डोस काय गेला माहीत नाही, वर पीएच घसरला की आम्लसंवेदी आयन चॅनेल उघडतात, एनएमडीए रिसेप्टर दबतो. सम प्रमाणात सोडियम हायड्रॉक्साइड घालून विरघळवा, किंवा सरळ मोनोसोडियम ग्लूटामेट मोनोहायड्रेट घ्या, रेणुभार १८७. १८.७ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात म्हणजे १० मिलिमोलर. एक मिलिलिटरला २ मायक्रोलिटर म्हणजे २० मायक्रोमोलर, एवढं पुरे.

मात्र ते २ मायक्रोलिटर वेलच्या एका कोपऱ्यात टोचू नका. थेंबाखालच्या पेशींना क्षणभर कितीतरी पट डोस लागतो आणि कडेच्यांना काहीच नाही. अर्धं बफर काढून घ्या आणि दुप्पट तीव्रतेचं ३७ अंशाचं बफर भिंतीवरून सोडा. कंट्रोल वेललाही हेच, फक्त औषधाविना.

---

लेन_नंबर_तीन

इथपर्यंत सगळं पेशींवर चाललंय. मला वाटतं निम्मं नुकसान तुमच्या रिपा बफरच्या नळीत होतंय.

तुम्हीच लिहिलंय, ग्लूटामेटच्या लेनमध्ये एकूण कॅमके-टू पण कमी. पाच-दहा मिनिटांत किनेज कमी कसं होईल? कमी होत नाही, जागा बदलतं. जागं झालेलं कॅमके-टू पोस्टसिनॅप्टिक डेन्सिटीला (सिनॅप्सच्या घेणाऱ्या बाजूची दाट प्रथिनजाळी) जाऊन बसतं, आणि पेशीत ऊर्जा संपत आली, पीएच पडला, तर स्वतःच्याच गुठळ्या करतं. दोन्ही रूपं सौम्य डिटर्जंटमध्ये सुटत नाहीत. ट्रायटॉनमध्ये जवळजवळ नाहीच, रिपामध्ये थोडी. सेंट्रिफ्यूज केल्यावर नेमका तुमचा सिग्नल गाळात गेला आणि गाळ तुम्ही फेकला. पुढच्या वेळी तो गाळ एसडीएस बफरमध्ये उकळून शेजारच्या लेनमध्ये चालवा, कॅमके-टू तिथे सापडेल. ग्लूएन२बी आणि त्याच डेन्सिटीतल्या पीएसडी-९५ चंही हेच होतं, त्यामुळे रिसेप्टरची पातळी बघायची असेल तरी हीच काळजी.

याला उपाय एकच, गाळ होऊच द्यायचा नाही. वेलमधलं बफर झटक्यात ओढून घ्या, पीबीएसने धुवायचा सोपस्कार वगळा (धुण्यात अर्धं-एक मिनिट जातं, तेवढ्यात फॉस्फेटेज आपलं काम उरकतात), आणि ९५ अंशाला तापवलेलं १ टक्के एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, थेट पेशींवर. १२ वेलच्या प्लेटीला वेलमागे १०० मायक्रोलिटर. खरवडा, नळीत घ्या, पाच मिनिटं उकळा, इन्सुलिनच्या सुईतून दहाएक वेळा ओढून डीएनए तोडा. डीएनए न तोडता लोड केलं तर नमुना वेलमधून दोऱ्यासारखा वर येतो. एसडीएस बर्फावर ठेवू नका, पांढरं बसतं. पोटॅशियम असेल तर आणखी लवकर.

प्रथिन मोजायला बीसीए पद्धत. ब्रॅडफर्ड पद्धतीला एवढं एसडीएस चालत नाही. डीटीटी मोजणीनंतर घाला, कारण ते बीसीएला बिघडवतं.

रिपाशी राहायचंच असेल तर फॉस्फेटेज इनहिबिटर त्याच दिवशी ताजे घाला: सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १०, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १. व्हॅनाडेट उकळून चालू केलेलं आहे ना? २०० मिलिमोलरचं द्रावण पीएच १० ला आणलं की पिवळं दिसतं, उकळल्यावर रंग जातो, थंड करून पुन्हा पीएच १०, पुन्हा उकळा, रंगहीन टिकेपर्यंत. पिवळं व्हॅनाडेट म्हणजे साखळ्या झालेलं व्हॅनाडेट, ते टायरोसिन फॉस्फेटेज नीट अडवत नाही. आणि त्याच बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी भरपूर असेल तर व्हॅनाडेट निकामी होतं, हे बहुतेक प्रोटोकॉल सांगत नाहीत.

ब्लॉटवर: फॉस्फो अँटिबॉडीला दूध नको. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, पार्श्वभूमी वाढते. ५ टक्के बीएसए, टीबीएस-ट्वीनमध्ये. पीबीएसही टाळलेलं बरं.

ईआरके ४४ आणि ४२ किलोडाल्टनवर. न्यूरॉनमध्ये खालचा बँड, ईआरके२, जाड असतो. वरचा पुसट दिसला तर अँटिबॉडी खराब म्हणून दुसरी मागवू नका. क्रेब ४३ ला येतं, नेमकं दोघांच्या मधे. म्हणून एकाच पट्टीवर फॉस्फो-ईआरके आणि फॉस्फो-क्रेब दोन्ही सशाच्या अँटिबॉडीने एकामागून एक लावले की जो बँड दिसेल तो कोणाचा हे देवालाच ठाऊक. दोन जेल चालवा. कॅमके-टू अल्फा ५०, बीटा ६०, ते त्रास देत नाही. लेनला १० ते १५ मायक्रोग्रॅम पुरे. ३० घातलंत तर एकूण ईआरके संपृक्त होतं आणि फॉस्फो भागिले एकूण हा भागाकार खोटा पडतो.

---

कॅल्शियम_काका

लेन तीनचं बरोबर आहे, विशेषतः गाळाचं. आता केएन-९३.

ईआरके उतरलं म्हणून कॅमके-टू वरच्या पायरीवर, असं लिहू नका. केएन-९३ कॅमके-टूवर बसून त्याला थांबवतं असं अनेक वर्षं मानलं गेलं. नंतरच्या रचना-अभ्यासांनी दाखवलं की ते कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनलाच चिकटतं. मग विचार करा. रास-जीआरएफ१ कॅल्मोड्युलिनवर चालतं, सायक्लेज १ आणि ८ कॅल्मोड्युलिनवर, कॅमके-फोर कॅल्मोड्युलिनवर. शिवाय केएन-९३ एल-टाइप चॅनेलही अडवतं, म्हणजे कॅल्शियमचा दुसरा झराच आटतो. तुमचं निरीक्षण "कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनवर अवलंबून" इतकंच सांगतं. केएन-९२ ची (केएन-९३ सारखंच, पण कॅमके-टू न अडवणारं रसायन) लेन लावलीत तर चॅनेलचा परिणाम थोडा वेगळा काढता येतो, पूर्ण नाही.

दुसरी गंमत अशी की २८६ वर फॉस्फेट बसल्यावर किनेजला कॅल्मोड्युलिन लागत नाही, म्हणून आधीच स्वायत्त झालेल्या कॅमके-टूवर केएन-९३ चालत नाही. ते एनएमडीएच्या आधी द्यावं लागतं, साधारण ३० मिनिटं. नंतर दिलंत आणि परिणाम नाही दिसला, तर "कॅमके-टूचा संबंध नाही" हाही निष्कर्ष चूक.

खरा पुरावा हवा असेल तर पेप्टाइड इनहिबिटर: टॅट-सीएन२१ किंवा ऑटोकॅमटाइड-२ वरून बनवलेले एआयपी. ते किनेजलाच धरतात, स्वायत्त रूपालाही. किंवा कॅमके-टू अल्फाचं शॉर्ट हेअरपिन आरएनए, पण बीटा रूप उरतं, म्हणून अर्धाच परिणाम दिसला तरी चकित होऊ नका.

सुरसागर_काठी, एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. टीटीएक्स ठेवून बाहेरून एनएमडीए ओतणं म्हणजे सिनॅप्सच्या आतले आणि बाहेरचे रिसेप्टर सरसकट उघडणं. प्रश्न सिनॅप्सवरून येणाऱ्या सिग्नलचा असेल तर बायकुकुलिन ५० मायक्रोमोलर आणि ४-अमिनोपिरिडीन २.५ मिलिमोलर जास्त प्रामाणिक. गॅबाचा (पेशींना शांत ठेवणारा संदेशवाहक) लगाम सुटतो, जाळं स्वतःच फायर करतं आणि ग्लूटामेट जिथे सुटायला हवं तिथेच सुटतं. मॅग्नेशियम नेहमीसारखं ठेवता येतं, ग्लायसिनचाही प्रश्न नाही.

---

सुरसागर_काठी

काका, मान्य, पण पहिल्या ब्लॉटसाठी नाही. बायकुकुलिनने येणारा सिग्नल कल्चर किती जुळलंय यावर ठरतो. पेशी विरळ बसल्या, किंवा पहिल्या आठवड्यातलं कल्चर असलं, तर काहीच येत नाही आणि हा पुन्हा इथेच प्रश्न घेऊन येईल. बाहेरून एनएमडीए दिलं की निदान पेशी, बफर आणि ब्लॉट तिघं शाबूत आहेत हे कळतं. तेवढं झालं की बायकुकुलिनवर जावं, आणि तेव्हा टीटीएक्स अर्थातच नको. ते असलं तर बायकुकुलिन निरुपयोगी. (हे दोन प्रोटोकॉल अर्धे-अर्धे मिसळलेले प्रबंध बघायला मिळतात.)

एमके-८०१ (एनएमडीए रिसेप्टरचा आणखी एक ब्लॉकर) ची युक्तीही त्याच टप्प्यावर. ते उघड्या छिद्रातच शिरतं. बायकुकुलिनबरोबर १० मायक्रोमोलर दिलं की सिनॅप्समधले रिसेप्टर बंद होऊन बसतात, ते धुऊन मग टीटीएक्सखाली एनएमडीए दिलं की उरलेला सिग्नल सिनॅप्सबाहेरचा. एमके-८०१ सुटायला फार वेळ घेतं म्हणूनच हे जमतं.

एमपीईपीबद्दल कोणी बोललं नाही. त्याने फरक पडला नाही यात नवल नाही. १०० मायक्रोमोलर ग्लूटामेटखाली एनएमडीएचा कॅल्शियम इतका मोठा आहे की एमग्लूआर५ ची भर त्यात दिसणारच नाही. मेटाबोट्रॉपिक वाट बघायची तर डीएचपीजी (गट एकचे एमग्लूआर चालू करणारं रसायन) १०० मायक्रोमोलर, ५ मिनिटं, सोबत एपी-५ आणि टीटीएक्स, म्हणजे आयनोट्रॉपिक वाट बंद. त्यावर एमपीईपी १० मायक्रोमोलर, आणि त्याहून चढवू नका, जास्त तीव्रतेला ते एनएमडीए रिसेप्टरलाही दाबू लागतं. डीएचपीजी ५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका, एमग्लूआर५ पीकेसीमुळे स्वतःच डिसेन्सिटाइज होतो. आणि अॅस्ट्रोसाइटवरही एमग्लूआर५ असतो, त्यामुळे इथे कल्चरमध्ये अॅस्ट्रोसाइट किती हे सांगावंच लागेल. जीएफएपीचा (अॅस्ट्रोसाइटची खूण असलेलं प्रथिन) एक ब्लॉट बाजूला ठेवा.

---

फतेगंज_पीएचडी

मग पहिल्या जेलच्या लेन अशा ठेवतो, सगळ्या टीटीएक्समध्ये:

इन्क्युबेटरमधून काढून लगेच एसडीएस, बफर बदललेला कंट्रोल, एनएमडीए ३० मायक्रोमोलर १ मिनिट, तेच ५ मिनिटं, तेच ३० मिनिटं, एनएमडीए ५ मिनिटं अधिक एपी-५, एनएमडीए ५ मिनिटं अधिक निफेडिपिन (एल-टाइप चॅनेलचा ब्लॉकर) १० मायक्रोमोलर, एनएमडीए ५ मिनिटं अधिक यू०१२६ (एमईकेचा ब्लॉकर) १० मायक्रोमोलर, डीएचपीजी, डीएचपीजी अधिक एमपीईपी. प्रत्येक अट तीन वेलमध्ये, म्हणजे तीन नमुने.

---

लेन_नंबर_तीन

दोन दुरुस्त्या. एकाच प्लेटीतले तीन वेल म्हणजे तीन नमुने नव्हेत, ते एकाच कल्चरचे तीन वेल. आकडेशास्त्रात मोजायचे ते वेगवेगळ्या दिवशी केलेले, वेगवेगळ्या मादीच्या गर्भातले कल्चर. वेलांची सरासरी काढा आणि कल्चरमागे एकच आकडा धरा.

आणि एक पॉझिटिव्ह लेन हवीच: फॉर्बॉल एस्टर पीएमए, २०० नॅनोमोलर, १० मिनिटं. ते रिसेप्टर टाळून पीकेसीमार्फत ईआरके चढवतं. ती लेन चढली आणि एनएमडीएची नाही, तर ब्लॉट ठीक आहे आणि दोष वर, रिसेप्टरपाशी. दोन्ही चढल्या नाहीत तर आधी एसडीएस आणि अँटिबॉडी तपासा, पेशींना बोल लावू नका. जागा करायला निफेडिपिन दुसऱ्या जेलवर ढकला. त्या दुसऱ्या जेलवर निफेडिपिनबरोबर डीएमएसओचा कंट्रोलही घ्या, यू०१२६, निफेडिपिन आणि पीएमए सगळी डीएमएसओमध्येच असतात; प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. निफेडिपिन प्रकाशात मोडतं, नळीला फॉइल गुंडाळा आणि हूडचा दिवा घालवा.

---

कॅल्शियम_काका

१ मिनिटाच्या लेनमध्ये कॅमके-टू आणि ५ मिनिटांच्या लेनमध्ये ईआरके बघायचं, उलट नाही. आणि दोन लेनमधली घड्याळं वेगळी सुरू करा: ३० मिनिटांचा वेल आधी, १ मिनिटाचा सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यांवर एसडीएस जवळपास एकाच वेळी पडेल. एकट्याने दहा वेल हाताळायचे तर वेलमागे २० सेकंदांचं अंतर ठेवून कागदावर वेळापत्रक लिहून घ्या, १ मिनिटाची लेन अंदाजाने थांबवली तर कधी चाळीस सेकंदांची होते, कधी दीड मिनिटाची.